किलोवर घेतलेलं थेटर

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साल. मी चौतीस वर्षांचा होतो, आणि मला सिनेमाचं मशीन घ्यायचं होतं. प्रोजेक्टर. स्वतःच्या घरात, स्वतःच्या पडवीत थेटर करायला.

बातमी फुटली तेव्हा लोक हसले. आमच्या पाम गावात तेव्हा रेडिओ वाजला तरी चार माणसं कुंपणाशी थांबायची, आणि हा चौथी नापास डायवाला म्हणे थेटर काढतोय.  उत्तरं द्यायची मला सवय नाही. काम झालं की दाखवतो, एवढंच मला येतं.

माझं काम डाय कोरण्याचं. डाय म्हणजे पोलादाचा ठसा. आगपेटीएवढा ठोकळा घ्यायचा, त्यात छिन्नीने नक्षी कोरायची, खोल आणि उलटी. सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठेवतो, वरून ठोकतो, आणि पत्र्यावर नक्षी सुलटी उठते. उजवीकडे वळलेलं पान हवं असेल तर आम्ही डावीकडे वळलेलं कोरतो. सगळा जन्म उलटं बघण्यात गेला. शाळेत अक्षरं नीट शिकलो नाही, पण पेंडलवरची नावं उलटी कोरून कोरून शिकलो. आजही उलटं लिहिलेलं मला सुलट्याआधी वाचता येतं.

हे काम मला काकांनी शिकवलं. काका नात्याने माझे कुणी नव्हेत. गावात सगळेच त्यांना काका म्हणायचे. त्यांच्या हाताची एक वेल होती. हारात गळ्याभोवती फिरते तशी, वळणावळणाची दांडी आणि तिला पानं. पानं मलाही यायची, काकांपेक्षा बरी यायची असंही म्हणेन. पण दांडी नाही.

का नाही, ते सांगतो. ठोकळा आम्ही लाखेने एका लाकडी गोट्यावर चिकटवतो. गोटा जमिनीवर कापडाच्या चुंबळीत बसवतो, म्हणजे हवा तसा फिरतो. एका हातात छिन्नी, एका हातात हातोडी. वळण आलं की हातोडी खाली ठेवायची, हाताने गोटा वळवायचा, पुन्हा छिन्नी लावायची. जिथे थांबलात तिथे गाठ पडली. डोळ्याला ती दिसत नाही, पण सोन्यावर उठते. आम्हा सगळ्यांच्या दांडीला अशा गाठी. काका मात्र थांबायचेच नाहीत. टक टक टक टक, एका दमात, आणि गोटा त्यांच्यापुढे आपला आपण वळत जायचा. शेजारी बसून मी वर्षानुवर्षं बघितलं. दोन्ही हात कामात, मांडीवर पोलादाचा चुरा झेलायला गोणपाट पसरलेलं, ते पार गोट्यापर्यंत. मग गोटा फिरवतो कोण?

विचारलं तर म्हणायचे, "मला काय ठाव? हात चालला का फिरतो तो."

एकदा मी फारच मागे लागलो तेव्हा चार कारागिरांदेखत म्हणाले, "तुला वेल यायची नाय रं. तुजा हात थांबतो." ते माझ्या काळजात रुतलं. अजून सल जाणवतो.

मग काकांचे डोळे गेले. उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. त्याच गणपतीत त्यांची वेलीची जुनी डाय तडकली. ज्या सराफाचं काम आमच्याकडे यायचं त्याने सांगून टाकलं, वेल जमत असेल तर सगळं काम तुमच्याकडे, नाही तर दुसरीकडे यंत्रावर कोरून घेतो. इकडे माझा मेव्हणा कुंभवलीच्या एका कंपनीत लागला होता. तो माझ्यासाठी अर्ज घेऊन आला. "भावोजी, सही करा. पयल्या तारखेपास्नं शिफ्ट चालू. किती दिवस वाकून बसाल?"

मी बायकोला सांगितलं, "वेल आली तर छिन्नी राहील. नाय आली तर सही करीन." तिने अर्ज घडी करून डाळीच्या डब्याखाली ठेवला.

आता सिनेमाचं मशीन यात कुठून आलं? काकांचे डोळे चांगले होते तेव्हा वीज प्रकल्पाच्या कॉलनीतला एक साहेब त्यांच्याकडे यायचा. हौशी माणूस. हातात मावेल एवढा सिनेमाचा कॅमेरा त्याच्याकडे होता. एकदा त्याने काका वेल कोरत असताना फिल्म काढली. बदली झाली तेव्हा जाता जाता ती रीळ चपट्या पत्र्याच्या डबीत घालून काकांना देऊन गेला. रीळ बघायची कशी ते काकांना कुणी सांगितलं नाही. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली. दर दसऱ्याला हातोडी-छिन्नीबरोबर तिलाही हळद-कुंकू लागायचं.

त्या वर्षी दसऱ्याला मी काकांच्या घरी गेलो, डबीवरचं कुंकू बघितलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. काकांना सांगता येत नाही, मला बघता आलं नाही, पण त्या डबीत काकांचा हात आहे. अजून चालतोय. डोळे शाबूत असलेले काका तिथे बसून वेल कोरतायत! मी डबी घेऊन घरी आलो तेव्हा सायकलवर बसायचंही विसरलो, हातात धरून चालत आलो.

रीळ उन्हात धरून बघितली. करंगळीच्या नखाएवढी चित्रं, एकाखाली एक, शेकडो. एका कडेला भोकांची रांग. काका तांदळाएवढे. त्यातून काय कळणार? मशीन हवं.

पालघरला एका फोटो स्टुडिओत असं मशीन विकायला आहे असं कळलं. बुधवारी एसटीने गेलो. स्टुडिओवाला टापटीप माणूस. मशीनवरचं मखमली कापड त्याने नवरीचा पदर सारावा तसं सारलं. काय मशीन होतं! राखाडी रंग, बटणं, मोटर, आत दिवा असा की दुकानातल्या भिंतीवर दिवसाढवळ्या चित्र उमटलं. त्याच्या स्वतःच्या लग्नाची फिल्म होती. मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"काय शेठ, पसंत?" तो म्हणाला.

"पसंत. आता थांबवा."

"बंद करू?"

"बंद नको. चित्र थांबवा. एकच चित्र बघायचंय मला, निवांत."

तो हसला. "अहो, हा सिनेमा आहे, कॅलेंडर नाही. थांबवलं की फिल्म जळते. दिवा केवढा आहे बघा."

मी म्हटलं, बघू तर खरं. त्याने एक टाकाऊ तुकडा लावला आणि थांबवला. भिंतीवर कुणाचं तरी तोंड होतं. त्याच्या गालावर आधी तपकिरी डाग आला, मग फुगला, मग मधोमध भोक पडलं आणि सगळं पांढरं झालं. दुकानात वास सुटला.  काकांच्या हाताचं असं झालं असतं तर?

"आणि हळू चालवता येतं?"

"मोटर तिच्या वेगाने चालणार. तुमच्या हुकमाने नाही." मग त्याने किंमत सांगितली. मी दोन महिने मान वर न करता कोरलं असतं तर तेवढे मिळाले असते. "हप्त्याने द्या," तो म्हणाला. "एवढं चांगलं मशीन सोडून तुम्ही पस्तावाल."

"चांगलं हाय," मी म्हटलं, "पण माझ्या कामाचं नाय." तो बघतच राहिला. त्याला वाटलं पैसे नाहीत म्हणून नाटक करतोय. पैसे नव्हते, हे खरंच. पण असते तरी घेतलं नसतं. जे मशीन माझं ऐकत नाही ते मला काय करायचं?

दुसरं मशीन मेव्हण्याने शोधलं, कॉलनीतल्या एका बाईंकडे. छोटं, सुबक, किंमतही झेपणारी. बाईंनी चहा दिला. मी माझी रीळ काढली आणि मशीनच्या दातावर धरली. धरल्या धरल्या कळलं. त्यांच्या फिल्मची भोकं बारीक आणि लांबट, माझ्या रिळाची मोठी.

"तेवढं चालून जाईल," मेव्हणा म्हणाला. "केसाएवढा तर फरक हाय."

"तुज्या कंपनीत चालून जात आसंल," मी म्हटलं. "केसाएवढ्यावरच माझं पोट हाय."

बाई हसल्या. मेव्हणा रुसला. बोईसर येईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. बोईसरला मात्र त्यानेच सायकल थांबवली आणि भंगारवाल्याच्या पत्र्यांकडे बोट दाखवलं. "ते बगा भावोजी. तुमाला सोबंल असं."

त्याने चिडवायला दाखवलं होतं. मोडके पंखे, ड्रम, गंजलेले गिअर यांच्यामध्ये एक हिरवा पत्र्याचा डबा पडला होता. पुढे भिंग, वर रीळ अडकवायचे दोन हात, आणि बाजूला, मी डोळे चोळून बघितलं, हँडल! शेवयांच्या यंत्राला असतं तसं. मोटर नाहीच. हाताने फिरवायचं.

मी जाऊन हँडल धरलं. पुढे फिरवलं, पुढे गेलं. मागे फिरवलं, मागे आलं. हळू, अगदी हळू, आणि थांबलं. 

भंगारवाला चौकड्याची लुंगी नेसून वजनकाट्याशी बसला होता. "वो खराब है चाचा," तो म्हणाला. "अंदर का पंजा टूटा है, फिल्लम खींचता नहीं. और बत्ती भी बड़ी वाली नहीं लगती, स्कूटर का बल्ब लगता है उसमें."

आता बघा, त्याने दोन दोष सांगितले आणि मला दोन्ही दोषांत सोनं दिसलं. स्कूटरचा बल्ब म्हणजे उजेड कमी, पण आच किती? फिल्म जळायची नाही. मी खिशातून रिळाच्या टोकाचा कोरा तुकडा काढला. शेजारच्या गॅरेजवाल्याला बॅटरीची तार जोडायला लावली, तुकडा दिव्यापुढे धरला आणि सावकाश शंभर मोजले. तुकडा कोमट झाला, बस. आणि पंजा म्हणजे काय, तर फिल्मच्या भोकात शिरून तिला एकेक घर खाली ओढणारं पोलादाचं नख. तेच तुटलं होतं. पोलादाचं, तांदळाच्या दाण्याहून बारीक. सबंध मशीनमध्ये मोडलेली एकच वस्तू, आणि ती माझ्या धंद्यातली! त्या दोन चांगल्या मशीनचं काही बिघडलं असतं तर मी हात बांधून बसलो असतो. याचं जे बिघडलं होतं ते मला येत होतं.

"कितना?" मी विचारलं.

माझं तोंड बघून त्याने मनात असेल त्याच्या तिप्पट सांगितलं. तोंड लपवणं मला कधी जमलं नाही.

"क्यों?" मी म्हटलं. "ये पंखा कैसे देता है? किलो से. वो गिअर? किलो से. तो ये भी काटे पे रख."

"अरे चाचा, ये सिनेमा है!"

"तूने बोला ना खराब है. खराब चीज भंगार. भंगार किलो से."

मेव्हणा पोट धरून हसायला लागला. भंगारवाल्याने माझ्याकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आणि काट्यात टाकलं. "ले जा. लेकिन पिक्चर चला तो मेरे को भी बुलाना." अशा रीतीने मी थेटर किलोवर घेतलं. पालघर-बोईसर पट्ट्यात असं दुसऱ्या कुणी घेतलं असेल तर त्याने पुढे यावं.

नख करायला दोन दिवस लागले. पहिलं भोकात अडकलं. दुसरं इतकं टोकदार झालं की ते फिल्म फाडेल अशी भीती वाटली, फेकून दिलं. तिसरं कानशीने घासून टोकाला गोल केलं, तापवून पाणी दिलं, बसवलं. कोरा तुकडा घालून फिरवला. कट् कट् कट् करत तो एकेक घर उतरायला लागला, तेव्हा मी बायकोला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊन आली.

"बग, चालतंय!"

"काय दिसतंय त्यात?"

"अजून काय नाय. कोरं हाय."

"कोऱ्यावर एवढे नाचताव, चित्र आल्यावर काय कराल?"

मुद्दाम मी पुढचं काही बघितलं नाही. रीळ एकच, तिला उगाच झिजवायचं नाही. बघायचं ते काकांसमोर, असं ठरवलं होतं.

रविवारी दुपारी थेटर लागलं. रात्रीपर्यंत थांबा असं सगळे सांगत होते, पण मला दम कुठला. पडवीला गोणपाटं बांधली, खिडकीवर गोधडी टाकली, तरी कौलांच्या फटीतून उन्हाच्या टिकल्या पडत होत्या. मी माळ्यावर चढून फटींत चिंध्या कोंबल्या. खाली उतरलो तर कोळ्याचं जाळं डोक्यावर. बायको म्हणाली, "घर काळोखं करायला एवढी मेहनत मी कुणाची बगितली नाय."

मशीन आतल्या खोलीत ठेवलं. अंतर तिथेच मिळत होतं. मधल्या दारात माझं ओलं धोतर ताणून बांधलं. ओल्या कापडातून उजेड चांगला पार होतो. आतून मशीन धोतरावर चित्र टाकणार, आणि पडवीत बसून आम्ही ते बघणार. मेव्हण्याला हँडलवर बसवलं. बॅटरीही त्यानेच कुठल्याशा ट्रकवाल्याकडून मागून आणली होती. मला कंपनीत न्यायला टपलेला माणूस, पण कामाला मागे हटला नाही, हे मला लिहिलंच पाहिजे.

काकांना मी हाताला धरून आणलं, खुर्चीवर बसवलं. शेजारचे दोन कारागीर आले. मी धोतरापासून हातभर अंतरावर बसलो.

"फिरव!" मी ओरडलो.

धोतरावर उजेड पडला. सुपाएवढा. मग त्यात काहीतरी हललं, धूसर होतं. "भिंग पुढं घे... अजून... बास!" आणि काका दिसले. काळे केस, ताठ मान, हातोडी वरखाली. 

"काय दिसतंय?" खुर्चीवरून काका म्हणाले. "बोला की रे, मी काय मुक्यांत येऊन बसलो?"

"तुमी दिसताव, काका," एक कारागीर म्हणाला. "कोरताव."

"केस हायत का मला?"

"झुपकेदार."

"मग मीच तो," काका म्हणाले आणि खूश होऊन मांडीवर थाप मारली.

साहेब धन्य. त्याने कॅमेरा जमिनीवर ठेवला होता, बहुतेक पालथ्या पातेल्यावर, कारण चित्र खालून होतं. काकांच्या शेजारी बसून जे मला कधी दिसलं नाही ते समोरून, खालून दिसत होतं. गोटा वळत होता. दोन्ही हात वर, आणि गोटा वळतोय! गोणपाटाची कड थोडी उचललेली, आणि तिच्याखाली काहीतरी हललं.

"थांब! मागं घे! अजून मागं. आता हळू फिरव, अगदी हळू, शेवया तुटू नयेत तसं."

कट्. कट्. कट्. एकेक घर. गोणपाटाखालून अंगठा बाहेर आला. पायाचा अंगठा! तो गोट्याला टेकला, दाबला, गोटा केसभर वळला. कट्. पुन्हा केसभर. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याला केसभर.

"पाय!" मी ओरडलो. "काका, तुमी पायानं फिरवता!"

"मी?" काका म्हणाले. "छ्या. पायाचं काय काम?"

"चित्रात दिसतोय हो काका, अंगठा," दुसरा कारागीर म्हणाला.

काकांनी मग आपला पाय जमिनीवर हळूच हलवून बघितला, जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे. "साठ वर्सं," ते पुटपुटले, "मला न सांगता फिरवत व्हता."

मला धीर कुठला. तिथेच गोटा आणला, चुंबळीत ठेवला, बसलो. मेव्हणा आतून चित्र पुन्हा पुन्हा फिरवत होता आणि मी बघून बघून करत होतो. उजव्या पायाचा अंगठा पुढे, गोट्याला टेकवला, ठोका दिला, दाबलं. गोटा उलट्या बाजूला गेला. पुन्हा. छिन्नी घसरून पार कडेला. हातोडी मारली की उजवी मांडी हलायची, मांडी हलली की अंगठा सुटायचा. दहा वेळा केलं. वीस वेळा. पोटरीत गोळा आला. घाम डोळ्यांत. समोर चित्रात लोण्यासारखं चाललंय आणि माझा पाय लाकडाचा.

"जाऊ दे भावोजी," आतून मेव्हण्याचा आवाज आला. "दिसलं ना एकदाचं? सगळ्यांना सगळं येत नसतं."

मी हातोडी ठेवली. खरं सांगतो, त्या क्षणी मला डाळीचा डबा आठवला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. चूल आतल्या खोलीच्या मागे, म्हणून ती मशीनच्या बाजूने येऊन, धोतराची कड सारून पडवीत यायची, आणि पुन्हा आत जायची. दुपारभर तिच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. कप माझ्यापुढे ठेवून ती धोतराकडे बघत उभी राहिली. मग आत जाऊन आली. पुन्हा बघितलं.

"अवो," ती म्हणाली, "काका आत उजव्या हातानं हातोडी मारतात. भायेर डाव्या हातानं कशी काय?"

 मी चित्राकडे बघितलं. हातोडी डाव्या हातात होती. स्पष्ट. पहिल्यापासून होती. तीन कारागीर नाक लावून बसलेले, आणि एकालाही दिसलं नाही!

दिसणार कसं? कापडाच्या मागून चित्र उलटं दिसतं, आणि उलटं बघणं हाच आमचा धंदा. आम्ही काकांचे हात मनातल्या मनात सुलटे करून घेतले, न कळत. मी स्वतः हातोडी उजव्याच हातात धरली होती, तसूभर शंका न येता. हात उलटवायची सवय मनाला जन्माची. पण पायाची नव्हती. पाय आम्ही कधी कोरला नाही. तो जसा दिसला तसा घेतला. मी अर्धा सुलटा, अर्धा उलटा होऊन बसलो होतो.

काकांनी सगळं ऐकलं आणि खुर्चीत मागे रेलून हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला. "तीन कारागीर रं! आणि हेरलं कुणी? चहावालीनं!"

बायको म्हणाली, "कारागीर नाय म्हणूनच दिसलं, काका."

मी धोतर सारून आत धावलो, मशीनच्या बाजूला बसलो, चित्र सुलटं बघितलं. डावा पाय. डाव्या पायाचा अंगठा, आणि वळण दुसऱ्या अंगाला. हातोडी उजवीकडे, पाय डावीकडे, म्हणजे ठोक्याचा हादरा पायापर्यंत पोचतच नाही. किती सोपं! मी तिथे अंधारात बसूनच डावा अंगठा हलवत राहिलो, मेव्हणा हँडल फिरवत राहिला. त्याच्या हाताला फोड आला तरी त्याने सोडलं नाही. शेवटी बॅटरीच बसली. चित्र पिवळं होत होत विझलं.

"आता करून दाव," काका पडवीतून म्हणाले.

"उद्या," मी म्हटलं. "आज पाय दमलाय. दमलेल्या पायानं मी तुमची वेल करायचो नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाच्या जागेजवळच्या खिडकीत कोवळा उजेड आला तेव्हा मी पाय धुऊन बसलो होतो. गोणपाट घेतलं नाही. पहिला ठोकळा वाया गेला. दुसराही. तिसऱ्यात अर्धं वळण आलं आणि मला हसू फुटलं, त्यात बिघडलं. चौथ्या वेळी मी पायाकडे बघणं सोडलं. टक टक टक टक. थांबलो तेव्हा दांडीचं एक अख्खं वळण झालं होतं. पूर्ण वेल नव्हे. एकच वळण, बोटाच्या पेराएवढं. बायकोने दारातून बघितलं आणि डाळीच्या डब्याकडे गेली. तो अर्ज तिने कुठे टाकला ते मी विचारलं नाही.

वळणावर मेण दाबलं, उठाव काढला, आणि सायकल न घेता तसाच काकांकडे चालत गेलो. ते अंगणात दात घासत होते. मी मेण त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी अंगठ्याचं नख दांडीवर लावलं आणि एका टोकापासून सरकवत नेलं, गाठ शोधत. नख कुठेच अडलं नाही. दुसऱ्या टोकावरून खाली घसरलं.

पुन्हा नेलं. पुन्हा घसरलं.

"पाय दाव," काका म्हणाले.

मी चप्पल काढली आणि डावा पाय पायरीवर ठेवला. त्यांनी वाकून, चाचपत, माझा अंगठा दोन बोटांत धरला.